खिशातला चार्जर

माझी नात कळण्याच्या भाकरीचा घास मोडत होती, दोन्ही हात ताटात, आणि समोरच्या लॅपटॉपवर अक्षरं आपोआप उमटत होती. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, एकामागून एक. मध्येच थांबायची, मागं जायची, खोडली जायची, पुन्हा उमटायची. म्हणजे ते यंत्राचं काम नव्हतं. यंत्र चुकून खोडत नाही. आत माणूस होता.

कोण आहे, म्हणून विचारलं. ती म्हणाली, दादा आहे, पुण्याहून. लॅपटॉप फार तापतो म्हणून पंख्याचं बघतोय.

दादा म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा नातू. तो पुण्याला कंपनीत आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही. त्याच्या आजोबाशी आहे, आणि ते मुलांना सांगायची मला कधी गरज वाटली नाही, कारण सगळ्या गावाला माहीत आहे. तुम्हाला माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. दोंडाईच्याच्या अलीकडं आमची शेती. वडिलांनी वाटणी केली तेव्हा जमीन दोन झाली, विहीर एकच राहिली. मोटारही एक. एक पाळी त्याची, एक माझी. माझी पाळी संपली की मी स्टार्टरच्या फ्यूजा काढतो आणि बंडीच्या खिशात घालून घरी येतो. त्याची पाळी लागली की त्यानं मागायच्या, मी द्यायच्या. सकाळी माझी मिरची कोमेजलेली आणि त्याची सरी ओली, असं एकदा दिसलं होतं. तेव्हापासून फ्यूजा माझ्याकडं. आम्ही दोघं बोलतो ते विहिरीवर, आणि पाळीपुरतं.

तर असल्या घरातला मुलगा माझ्या घरातल्या लॅपटॉपमध्ये पुण्याहून शिरतो आणि माझी नात भाकरी खाते.

लॅपटॉपही त्याचाच. कंपनीनं त्याला नवा दिला म्हणून जुना हिला दिला. माझ्या सुनेच्या हाती दिला, मला न विचारता. पैसे घेतले नाहीत. मला तिथंच शंका आली. पैसे घेतले असते तर व्यवहार झाला असता, वस्तू आपली झाली असती. फुकट दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचा हात कायम राहतो. इथं तर खरोखरच राहिला होता.

मी चौथीपर्यंत शिकलेला आहे. लिहिता वाचता येतं, इंग्रजी आकडे येतात. मोटारीचा मीटर वाचता येतो. आमच्या घरात बोलणं अहिराणीत. इथं सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितोय. कॉम्प्युटरमधलं मला काही येत नाही आणि येतं असं मी कधी म्हटलेलं नाही. पण कोण काय करतंय हे बघायला कॉम्प्युटर यावा लागत नाही. मी तिच्या मागं खुर्ची टाकून बसू लागलो.

बाकीच्या पोरांसारखी ही चित्रांवर बोट दाबत नाही. त्या काळ्या पडद्यावर इंग्रजीत हुकूम लिहिते आणि खाली उत्तर येतं. बॅटरी किती भरली, हुकूम. आतली गरमी किती, हुकूम. पडद्याचा उजेड कमी कर, हुकूम. मी विचारलं, चित्रं असताना हे लिहीत कशाला बसतेस? ती म्हणाली, आबा, चित्रात त्यांनी जेवढं ठेवलंय तेवढंच दिसतं. इथं विचारलं की आतलं दिसतं.

हे मला पटलं. पण मग मी आतलं बघायला लागलो आणि काय दिसलं? बॅटरी ऐंशीवर गेली की थांबायची. चार्जर लावलेला, लाइट आहे, आणि आकडा ऐंशी. संध्याकाळी बघा, ऐंशी. मी तिला म्हटलं, शंभराचं भांडं ऐंशीवर थांबतं, मग वीस कुणाकडं जातात?

ती हसली. म्हणाली, कुणाकडं जात नाहीत, भरतच नाहीत. ती हद्द मीच घातलीय. रोज गळ्यापर्यंत भरली तर बॅटरी लवकर म्हातारी होते. दादानं सांगितलं म्हणून.

दादानं सांगितलं. तिनं आणखी एक हुकूम दिला आणि दाखवलं, की ही बॅटरी नवी होती तेव्हा जेवढं मावायचं त्याच्या पाऊणच आता मावतं. मी मनात हिशेब केला. पाव तर आधीच त्यानं वापरून टाकलं, आणि उरलेल्यावर हद्द घालून घेतली. पाण्याच्या पाळीत याहून वेगळं काय होतं?

एक गोष्ट मला अजिबात आवडायची नाही. काही हुकमांना ते यंत्र आधी पासवर्ड मागायचं. ती टाइप करायची, बोटं हललेली मला दिसायची, पण पडद्यावर काहीच उमटायचं नाही. एक टिंबसुद्धा नाही. मी म्हटलं, काय लिहिलंस? म्हणाली पासवर्ड. दिसत का नाही? म्हणाली, दिसू नये म्हणूनच. मागं बसलेल्यानं वाचू नये म्हणून. आता मागं मीच बसलेलो.

शेवटी मी तिला साफ सांगितलं. त्या मुलाला बाहेर काढ. तो आत येणार असेल तर लॅपटॉप परत दे. ती म्हणाली, ठीक आहे आबा, तुमच्यासमोर काढते. दादाला आत यायला एक चावी ठेवलीय, ती काढून टाकते. तिनं एक ओळ लिहिली आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. खाली उत्तर आलं नाही. नुसतीच नवी रिकामी ओळ.

मी म्हटलं, मग? ती म्हणाली, झालं. मी म्हटलं, काय झालं? ते काही बोललंच नाही. ती म्हणाली, काम झालं की ते गप्प राहतं, आबा. चुकलं तरच बोलतं.

आता तुम्हीच सांगा. इतके दिवस काही विचारलं की पानभर उत्तर देणारं यंत्र, आणि नेमकं माझ्या भावाच्या नातवाला बाहेर काढायची वेळ आली तर त्याच्या तोंडून शब्द नाही. माझा विश्वास बसला नाही. मी तसं तिला सांगितलं नाही एवढंच.

हे सगळं चाललं होतं ते एका परीक्षेसाठी. एका कंपनीची नोकरी, घरी बसून करायची. परीक्षाही घरूनच, लॅपटॉपवर, अडीच तासांची. कॅमेरा चालू ठेवायचा, खोलीत दुसरं कुणी दिसायचं नाही, आणि मध्ये लॅपटॉप बंद पडला तर परीक्षा तिथंच संपली, पुन्हा बसता येणार नाही. नोकरी लागली तर ती इथं राहून कमावणार. नाही तर धुळ्याला त्या झेरॉक्सच्या दुकानात परत. तिथं ती दोन वर्षं होती. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायचे आणि मालक तिला ए म्हणून हाक मारायचा. मला ती तिथं परत जायला नको होती. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मागं खुर्ची टाकून बसायचं कारण तेही होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गल्लीत हळद होती. ती आणि तिची आई जायला निघाल्या. निघताना तिनं लॅपटॉपवर दोन हुकूम दिले आणि मला सांगितलं, आबा, आज ती ऐंशीची हद्द काढलीय, शंभरपर्यंत भरू दे. आणि परीक्षेचा एक प्रोग्राम उतरतोय, रेंज कमी आहे म्हणून वेळ लागेल. हात लावू नका. नेट मिळावं म्हणून घरातला दुसरा मोबाइल तिनं त्याच्या शेजारी ठेवला आणि त्या गेल्या.

मी बसलो. पडद्यावर आकडे पळत होते. घरात मी एकटा, हात कुणाचा नाही, आणि आकडे पळतायत. ती म्हणाली होती प्रोग्राम उतरतोय. पण उतरणं आणि चढणं मला कसं कळणार? मी ओळखलं, तो आत आहे. चावी काढली तेव्हा यंत्र गप्प बसलं त्याचं कारण हेच. आता परीक्षेच्या आदल्या दिवशी हा काय करून ठेवेल सांगता येत नाही. त्याच्या आजोबाला माझ्या घरात पगार आलेला बघवेल का?

मी जे विहिरीवर करतो तेच केलं. लाइट तोडली की मोटार कुणाच्या बापाला चालवता येत नाही. मी भिंतीतली पिन काढली, लॅपटॉपमधली पिन काढली, वायर गुंडाळली आणि चार्जर बंडीच्या खिशात घातला. झाकण लावलं. दिवा विझल्यासारखं झालं. माझं समाधान झालं.

त्यानंतर थोड्या वेळानं गावातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. मोठा आवाज झाला आणि सगळं गाव अंधारात. हळदीहून आल्यावर नातीनं चार्जर कुठं विचारलं, मी ठेवलाय म्हटलं. ती म्हणाली, लाइट जाईपर्यंत बरीच भरली असेल ना. मी म्हटलं, झोप आता.

सकाळी लाइट नव्हतीच. डीपी दुसरी आणायची म्हणजे संध्याकाळ तरी होणार होती, असं वायरमन सांगून गेला. उन्हाचे दिवस, सकाळीच भिंती गरम. नातीनं झाकण उघडलं, हुकूम दिला आणि बघतच राहिली. त्रेचाळीस. ती म्हणाली, असं कसं? ऐंशीच्या वर होती. चार्ज होत होती. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या खिशाकडं. वायरचं टोक बाहेर लोंबत होतं.

मी म्हटलं, मी पिन काढली. तो मुलगा आत होता. मी बंद केला.

ती ओरडली असती तर मी दोन शब्द बोललो असतो. ती ओरडली नाही. खाली बसून सांगायला लागली, माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं. झाकण लावल्यावर बंद पडू नये असा हुकूम तिनं दिलेला होता. प्रोग्राम पूर्ण उतरला की मगच झोप, तोवर जागं राहा. ते यंत्र झाकणाखाली जागंच होतं. रेंज कमी होती, म्हणून रात्रभर थोडं थोडं उतरवत राहिलं आणि बॅटरी खात राहिलं. तिच्या हुकमाप्रमाणं वागलं. आणि आत कुणी नव्हतं.

नंतर तिनं कामाला सुरुवात केली. पडद्याचा उजेड उतरवला, इतका की तिला पुढं वाकून बघावं लागलं. अक्षरांखालचे दिवे बंद. ब्लूटूथ बंद. आतला मोठा भाग जो सगळं काम करतो, त्याचा वेग खाली आणला. एकेक हुकूम देऊन झाला की ती विचारायची, आता किती वेळ चालशील? आधी ते म्हणालं, तासाच्या थोडं वर. मग दीड तास. मग दोनला थोडे कमी. मी म्हटलं, बघ, वाढतंय. असंच आणखी दोन-चार बंद कर.

"आबा, आता बंद करायला काही उरलं नाही," ती म्हणाली. "आणि कॅमेरा चालू झाला की हेही खाली येणार."

मग तिनं ते म्हटलं जे मला कळलं होतं की ती म्हणणार. नानांकडं इन्व्हर्टर आहे. नाना म्हणजे माझा भाऊ. नातवानं बसवून दिलेला, सगळ्या गावाला माहीत.

मी नाही म्हटलं. तिनं विनवणी केली नाही. लॅपटॉप पिशवीत घातला, ओढणी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "मी जाते. चार्जर द्या."

मी चार्जर दिला नाही. तो खिशात ठेवला आणि तिच्या पुढं चालायला लागलो. चार्जर माझ्याकडं होता म्हणून मला जावं लागलं. दुसरं काही नाही.

भाऊ ओसरीत उघड्या अंगानं बसला होता. मला बघून उठला नाही आणि आश्चर्यही दाखवलं नाही. "ये भाऊ," एवढंच म्हणाला, आणि पोरीला म्हणाला, "मधली खोली रिकामी शे, बेटा. जा."

इन्व्हर्टर ओसरीत होता, कोपऱ्यात. त्याच्या बोर्डातून एक लांब वायर मधल्या खोलीत नेली, दाराखालून. मी चार्जर काढून दिला. तिनं लावला आणि हुकूम देऊन मला दाखवलं. चार्जिंग चालू असल्याचा इंग्रजी शब्द मी तोवर ओळखायला लागलो होतो. तो आलेला मी स्वतः वाचला. मग तिनं आतून दार लावलं आणि मी ओसरीत बोर्डाला लागून बसलो. पिन माझ्या हाताशी. तिथून मी हलणार नव्हतो.

भाऊ बघत होता. म्हणाला, "आते पिनवर पहारा दे. फ्यूजा शेतस ना खिसामा?"

होत्या.

ओसरीत उकाडा असा की पाठ भिंतीला चिकटत होती. वर छताला पंखा होता आणि बंद होता. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागलेला, म्हणजे लाइट आहे, आणि पंखा बंद. मला कळेना. मी बसलोय म्हणून बंद ठेवलाय? घाम निघाला की उठून जाईन, असं त्याला वाटतं? मग मी मुळीच उठणार नव्हतो. त्यानं एक पुठ्ठा घेतला आणि वारा घ्यायला लागला. दुसरा पुठ्ठा माझ्याकडं सरकवला. मी घेतला नाही. थोड्या वेळानं घेतला.

आतून काही आवाज येत नव्हता, फक्त बटणांचा. मध्ये एकदा बराच वेळ बटणांचा आवाज थांबला तेव्हा मी पिन दाबून पाहिली. घट्ट होती. आतल्या घरातून त्याची सून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिचाही पदर घामानं भिजलेला. म्हणजे पंखा आतही बंद होता. ओसरीतल्या फ्रिजला बसल्या जागेवरून हात लावला, तोही गप्प. मी भावाला म्हटलं, "फॅन लाव ना. आपलाच जीव जाई."

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

का, हे त्यानं सांगितलं नाही, त्याच्या सुनेनं सांगितलं. काल डीपी जळाल्यावर पुण्याहून मुलाचा फोन आला होता. इन्व्हर्टरमध्ये एवढीच ताकद आहे, उद्या परीक्षा संपेपर्यंत तो पुरला पाहिजे, म्हणून त्यावर दुसरं काही लावू नका. तेव्हापासून घरात एकही पंखा लावलेला नव्हता. रात्री सगळी गच्चीवर झोपली होती. दूध नासू नये म्हणून ते शेजारच्या गावी पाठवलं होतं, तिच्या माहेरी.

मी ऐकलं. मला एक गोष्ट खटकली. काल संध्याकाळी मला स्वतःला माहीत नव्हतं की मी इथं येणार. पिन मी काढलीय हे नातीलाही आज सकाळी कळलं. मग यांनी कालच कशाच्या आधारावर सगळं बंद करून ठेवलं? कोणी सांगितलं? मी त्यावर बराच वेळ विचार केला. तेव्हा विचाराशिवाय दुसरं काम नव्हतं.

दार उघडलं तेव्हा नातीचा चेहरा घामानं चकाकत होता. झाली, म्हणाली. बरी गेली. मध्ये कुठं बंद पडला नाही. (नोकरी लागल्याचं नंतर कळलं, आता ती आमच्याच ओसरीत बसून काम करते. पण ते नंतरचं.) तिनं नानांच्या पाया पडून घेतलं, मग माझ्या. दादाला फोन लावत लावत ती अंगणात गेली.

भाऊ उठला आणि पंख्याचं बटण दाबलं. पंखा कुरकुरत एक वळसा फिरला, दुसरा अर्धा फिरला, आणि कोपऱ्यातला इन्व्हर्टर बारीक शिटी वाजवून बंद पडला. हिरवा दिवा गेला. तो वर बघत राहिला, मग माझ्या शेजारी बसला आणि पुन्हा पुठ्ठा हातात घेतला.

मला राहवेना. मी म्हटलं, "मी येसू हे तुले कालच कसं माहीत?"

"तू येशी अशी आशाच नव्हती माले," तो म्हणाला. "पोर यी, इतलं माहीत व्हतं."